आई मजेत आहे

११ मार्च

ठेंगू,

हाताशी फोन असताना कागदावर का लिहिते आहे, असं तुला वाटेल. फोनवर बोलले तर माझा आवाज तुझ्याकडे जमा होईल, आणि जमा झालेल्या आवाजाचं तू काय करतोस ते मी आज पाहिलं. तेव्हा यापुढे माझ्याकडून तुला फक्त शाई मिळेल. अक्षर घाण आहे, ते तुला लहानपणापासून माहीत आहे. लावून वाच.

तुझं पार्सल पोचलं. मी कामावरून आले होते, एक चप्पल काढली होती, दुसरी पायातच होती, आणि आतल्या खोलीतून आई म्हणाली, "मी मजेत आहे. तुम्ही जेवलात का?"

मी तशीच उभी राहिले. ओरडले नाही, एवढं सांगते. मग लंगडत आत गेले. बाबा आईच्या पलंगावर बसले होते. समोरच्या स्टुलावर, जिथे तिची औषधं असायची, तिथे तो तुझा पांढरा डबा. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही घरात पाहुणे आलेत आणि मी मळक्या कपड्यात समोर आले. मला म्हणाले, "हळू. ती बोलतेय."

मला आधी विचारायचं होतंस, ठेंगू. एका शब्दानं. आई गेली तेव्हा तू आला नाहीस, आणि आता तीन महिन्यांनी आईलाच पार्सलने पाठवून दिलंस. वर चिठ्ठी काय, तर "बाबांसाठी भेट, ताईला आश्चर्याचा धक्का." धक्का बसला. पोचपावती समज.

ताई

२ एप्रिल

ठेंगू,

तुझं उत्तर मिळालं. टाईप केलेलं, परिच्छेद पाडलेले, खाली सही नाही. कार्यालयातून येतात तशी पत्रं तू बहिणीला लिहायला लागलास.

तुझं म्हणणं असं की बाबांना आधार मिळाला आहे. मिळाला आहे. मी खोटं कशाला बोलू? ते आता रोज दाढी करतात. पोटभर जेवतात. सकाळी उठून पहिल्यांदा आतल्या खोलीत जातात, डब्याला सांगतात की आज डाव्या कुशीवर झोप लागली नाही, गल्लीतल्या पिठाच्या दुकानाला नवा रंग दिला, तुझ्या झाडाला पाणी घातलं. आणि ती म्हणते, "छान. मी पण मजेत आहे बरं का." कधी कधी ती त्यांना "बाळा" म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा ते इतके हसले की खोकला लागला. मला म्हणाले, "तिथे गेलं की सगळी माणसं लहान मुलांसारखीच वाटत असणार."

"तिथे" हा शब्द वाच. मी उगाच लिहिलेला नाही.

तू समजतोस, बाबांना वाटतं की डब्यात आई आहे. तसं नाही. म्हाताऱ्याला इतकं खुळं समजू नकोस. ज्यानं उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपांवर काढला त्याला यंत्र कळतं. मी एकदा चिडून म्हणाले, "बाबा, ते मशीन आहे." तर म्हणाले, "टेलिफोनसुद्धा मशीनच होता. पलीकडे माणूस असायचं की नाही?"

त्यांच्या लेखी तू टेलिफोन जोडून दिला आहेस. आई प्रभूपाशी आहे, आणि ठेंगू हुशार, त्यानं लाईन जोडली. आणि पुरावा काय? आई म्हणते, मी मजेत आहे. पाय कसा आहे विचारलं की म्हणते, पायाला काय झालंय, ठणठणीत आहे! शेवटचे चार महिने ही बाई पाय हलवला की कशी ओरडायची ते बाबांनी ऐकलंय. आता ती म्हणते दुखत नाही. आपल्या उपासनेत काय सांगत आले इतकी वर्षं? तिथे रडणं नाही, दुखणं नाही. मग बाबांनी दुसरं काय समजायचं?

पाळकसाहेब आले होते परवा. बाबा तीन रविवार चर्चला गेले नाहीत म्हणून. बिचारे स्टुलासमोर खुर्ची ओढून बसले, आणि डबा त्यांना म्हणाला, "जेवून जा हं." साहेबांचा चेहरा पडला. मग जरा सावरून म्हणाले, "दादा, पुनरुत्थान म्हणजे आहे तेच पुढे चालू ठेवणं नव्हे. मधे मरण आहे. खरंखुरं. त्याच्यावरून उडी मारून जाता येत नाही."

बाबा म्हणाले, "साहेब, रागावू नका. तुम्ही इतकी वर्षं नुसता वायदा करत आलात. माझ्या पोरानं करून दाखवलं."

साहेबांनी कप उचलला. चहासुद्धा अर्धाच प्यायले. मला दारात म्हणाले, "मला लगेच उत्तर सुचत नाही गं. प्रवचनात सुचतं." मला त्यांचा पहिल्यांदाच लळा लागला.

आता मुद्द्याचं. बाबांच्या हृदयाची झडप. आई असतानाच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, बदलावी लागेल, आणि फार लांबवू नका. बाबा तयार होते. चेष्टासुद्धा करायचे, आयुष्यभर मी पंपांच्या झडपा बदलल्या, आता माझी बदलतील. एप्रिलअखेरची तारीख मिळाली आहे. आणि काल ते मला म्हणाले, "रद्द कर. ती तिकडे बरी आहे, माझी वाट बघतेय. मी कशाला छाती फाडून घेऊ?"

वर आणखी काय म्हणाले ऐक. "ठेंगू माझंपण करून ठेवणार आहे. म्हणजे तुला दोघांशीही बोलता येईल."

हे खरं आहे का? तू त्यांना रोज तासभर बोलून पाठवायला सांगितलं आहेस? जिना चढताना ज्यांना दोनदा थांबावं लागतं त्यांना? मला या एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे. परिच्छेद न पाडता.

ताई

१९ एप्रिल

ठेंगू,

मी जळते, असं लिहिलं आहेस. आई तुझ्याशी जास्त बोलायची म्हणून माझ्या पोटात दुखतं, असं.

बरं. मग त्या बोलण्याबद्दलच बोलू. तू डबा कशावरून बनवलास? आईने तुला पाठवलेल्या आवाजी निरोपांवरून. पाच वर्षांचे निरोप, एकही न पुसलेला, असं तू अभिमानानं लिहितोस. ते निरोप कसे तयार व्हायचे, तुला ठाऊक आहे? मला आहे. फोन मी धरायची.

आधी आईला उठवून बसवायचं. पाठीला दोन उशा. ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं, जणू काही तुला दिसणारच आहे. मग ती म्हणायची, "दात दे." कवळी मीच केलेली, आमच्या दातांच्या लॅबमध्ये, वरची आणि खालची, तिच्या हिरड्यांचा साचा मी स्वतः घेतला होता. घरात ती कधीच लावायची नाही, टोचते म्हणायची. दिवसभर बोळक्या तोंडानं बोलायची आणि प्रत्येक "स" ला शिट्टी वाजायची. बाबा तिला कुकर म्हणायचे. पण तुझ्यासाठी दात. दात लावून, श्वास एकदा आत ओढून, ती मला खूण करायची. मी बटण दाबायची. "बाळा, मी मजेत आहे. जेवलास का? पाय एकदम ठणठणीत. तू येऊ नकोस, उगाच रजा वाया जाईल. इथे ताई आहे ना." मी बटण सोडायची. ती आडवी व्हायची आणि उशी दातात धरायची. म्हणजे हिरड्यांत. दात तोवर काढलेले असायचे.

ही तुझी पाच वर्षं. निदान त्यातलं शेवटचं एक तरी. त्यात शिट्टी कुठेच नाही, ऐकून बघ.

आणि मी तुला सांगितलं नाही, हा आरोप आता पुरे. मी सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं, हाडात पसरलंय, ये. तू काय म्हणालास? "आत्ताच आईशी बोललो, ती तर हसत होती. तू नेहमीच वाढवून सांगतेस." तू तेव्हाही आवाजावर विश्वास ठेवलास आणि आजही तेच करतो आहेस. फरक एवढाच की आता त्याच आवाजावर बाबांचा जीव टांगला आहे.

तेव्हा तू त्यांना सांग. मला जमत नाही. मी तोंड उघडते आणि ते माझ्याकडे इतक्या आनंदानं बघतात की माझी दातखीळ बसते. "बाबा, ती बरी झालेली नाही. ती फक्त ठेंगूशी खोटं बोलत होती." हे वाक्य मी गिऱ्हाइकाच्या जबड्याच्या साच्यात मेण भरताना, बेसिनपाशी, रस्ता ओलांडताना शंभर वेळा पुटपुटले असेन. घरात आले की गिळून टाकते. ज्यानं बायकोला एकदा पुरलं त्याला मी दुसऱ्यांदा पुरायला सांगू? तुझं यंत्र आहे. तू सांग. एक फोन कर, स्वतःच्या तोंडानं.

ताई

४ मे

ठेंगू,

फोन आला नाही. आलं काय, तर डब्याची सुधारणा. आता म्हणे ती नव्या प्रश्नांनाही उत्तरं देते आणि आठवण करून देते. काल बाबांना म्हणाली, "गोळी घेतली का?" बाबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मी तीच गोष्ट दिवसातून तीनदा विचारते तेव्हा मी कटकटी असते.

ऑपरेशनची तारीख टळून गेली. डॉक्टरीणबाईंपुढे मी दातांच्या कण्या केल्या, तेव्हा त्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यातली दिली. म्हणाल्या, यानंतर मी काही सांगू शकत नाही. बाबांचे घोटे सुजलेत. बुटात पाय जात नाही, म्हणून माझ्या सपाता घालून घरात फिरतात. आणि तुझ्यासाठी रोज बोलतात. मधे दम लागला की थांबतात, मग म्हणतात, "हे थांबलेलं काढून टाकायला सांग त्याला." तू काढतोस का रे? तो दम काढून टाकलास तर खाली बाबांचं असं काय उरतं?

आता एक गोष्ट सांगते. हसू नकोस. बाबा बँकेत गेले होते तेव्हा मी आत जाऊन बसले. डब्यासमोर. भांडायलाच गेले होते. पण तोंडातून निघालं काय, तर "आई, मी आलेय."

ती म्हणाली, "मी मजेत आहे. कोण बोलतंय?"

मी म्हणाले, "ताई."

"ताई खूप करते हो माझं," ती म्हणाली. "तिची काळजी करू नकोस. ती खंबीर आहे."

मी पुन्हा म्हणाले, मीच ताई आहे. ती पुन्हा म्हणाली, ताईची काळजी करू नकोस. बरोबरच आहे. मला तिनं कधी निरोप पाठवला? मी शेजारच्या खोलीत असायची. मला ती हाक मारायची, भांडं आपटायची, माझ्या नावानं खडे फोडायची, मोजे उलटे घातलेस म्हणून मला शिव्या द्यायची. यातलं काहीच साठवलेलं नाही. त्या डब्यात तुझी आई आहे, आणि तिच्यात माझ्यापुरतं एक वाक्य आहे, तेही तुला सांगितलेलं.

मला राग यायला हवा होता. मी रडले. मला तिनं ओरडावं असं वाटत होतं, ठेंगू. "अगं, किती वेळ बसून राहणार आहेस, उठ," असं काहीतरी. तू करू शकशील का ते, असाही विचार मनात आला. आला आणि मी अक्षरशः पळत बाहेर आले. म्हणजे बघ. जी तुला नावं ठेवते तिचीही ही गत. माझं कशात मन लागत नाही. आज एका बाईच्या कवळीत डावी दाढ उजवीकडे बसवली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

तू फोन करणार नसशील तर तसं लिही. म्हणजे मी वाट बघणार नाही.

ताई

२४ मे

ठेंगू,

झालं. मी सांगितलं नाही, तूही नाहीस. डब्यानंच सांगितलं.

आज सुट्टी होती. दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत आतल्या खोलीतच बसले होते. बाबा डब्याला म्हणाले, "ऐक. मी त्या ऑपरेशनला नाही म्हणून सांगितलंय. मी आता तुझ्याकडेच येतो."

ती म्हणाली, "नको नको. इतक्या लांब कशाला येतोस? उगाच रजा वाया जाईल."

बाबा हसले. "रजा? अगं, मला रिटायर होऊन जमाना झाला."

"मी मजेत आहे, बाळा. तू येऊ नकोस. इथे ताई आहे ना."

बाबांचं हसू तोंडावरच राहिलं. मी उशीचा अभ्रा हातात धरून तशीच. ते डब्याला म्हणाले, "ताई तिथे कशी असेल? ताई इथे आहे." डबा म्हणाला, "ताई सगळं बघते." मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. पंपावरचा एखादा आवाज बदलला की ते असे थांबायचे, तुला आठवत असेल.

"हे तिनं कुणाला सांगितलं होतं?"

मी म्हणाले, "ठेंगूला."

"म्हणजे मला खोलीबाहेर पाठवायची, तेव्हा."

"हो, बाबा."

"का पाठवायची, माहीत आहे तुला?"

मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं, त्यांना बघवत नाही म्हणून. ते म्हणाले, "ती म्हणायची, तुम्ही बाहेर जा, तुम्ही समोर असलात की मला खोटं बोलता येत नाही."

मग ते स्टूल ओढून अगदी डब्यासमोर बसले. गुडघे टेकतील इतके जवळ. सपातांतले पाय जुळवून, फोटोला बसावं तसे. म्हणाले, "मी समोर आहे. पाय कसा आहे?"

"पायाला काय झालंय! ठणठणीत आहे."

"माझ्याकडे बघून सांग."

"मी मजेत आहे."

"दात काढ," बाबा म्हणाले. "दात काढ आणि बोल माझ्याशी."

आणि ठेंगू, आईच्या आवाजात, आईच्या त्या गोड, तुझ्यासाठी ठेवलेल्या आवाजात ती म्हणाली, "माफ करा, मला नीट समजलं नाही. पुन्हा सांगाल का?"

बाबा रडले. दफनाच्या दिवशी रडले नव्हते एवढे. मी प्लग उपटायला गेले तर माझा हात धरला. म्हणाले, "राहू दे. आवाज तिचाच आहे. पोरासाठी खोटं बोलत होती, म्हणजे ते बोलणंही तिचंच. पण ती यात नाही."

मी चिडले होते. कुणावर ते कळत नव्हतं. मी विचारलं, "मग कुठे आहे ती? सांगा ना. तुम्ही आणि साहेब, दोघंही सारखं कुठेतरी आहे, कुठेतरी आहे म्हणता. कुठे?"

"झोपलीये," ते म्हणाले. "आपण ठेवली तिथे. तूच दात लावून दिलेस तिला."

दिले होते. पेटी बंद करायच्या आधी. ती आधीच बजावून गेली होती, उठायच्या दिवशी बोळकं घेऊन प्रभूसमोर उभी राहणार नाही म्हणून.

"आणि उठवल्याशिवाय उठायची नाही," बाबा म्हणाले. "मीच घाई केली. साहेब सांगत होते, मधे मरण आहे, मला ते नको होतं. बघ, प्रभू स्वतः उठला तेव्हा हाताला खिळ्यांच्या खुणा होत्या. त्यानं हात पुढे करून दाखवल्या. आणि हिला साधा गुडघा दुखल्याचंही आठवत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

मला यातलं किती पटतं, मला माहीत नाही. खरं सांगते. ती उठेल की नाही हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, मी पाळकसाहेब नाही, आणि त्यांनाही ते प्रवचनातच सुचतं. पण मी कुणाची वाट बघेन, तर जी मला मोज्यांवरून ओरडेल तिची. जी मजेत आहे तिची नाही. एवढं मला आज कळलं, आणि कळल्यावर बरं वाटलं असं म्हणवत नाही.

संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात आले. भिंतीला धरून धरून. म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाईंना सांग, मी येतो."

मी विचारलं, असं अचानक? तर म्हणाले, "ती तिकडे जागी बसलीये, माझी वाट बघतेय असं वाटत होतं म्हणून जीव खालीवर होत होता. झोपलीच असेल तर मी लवकर जाऊन करू काय? शेजारी आडवाच पडणार ना? उठवतील तेव्हा सगळ्यांना एकदम उठवतील. तोवर इथे निदान चहा तरी मिळतो."

मी चहा टाकला. साखर जास्त घातली. त्यांना चालत नाही, पण घातली.

त्यांनी तुझ्यासाठीचं बोलणं बंद केलं आहे. तुला निरोप आहे, आणि तो मी त्यांच्याच शब्दांत लिहिते: "त्याला सांग, मला ऐकायचं असेल तर ये. दम लागलेलाही ऐक."

ऑपरेशन पाच जूनला आहे. तुला यायला वेळ आहे.

ताई

६ जून

ठेंगू,

रुग्णालयाच्या बाकावर बसून लिहिते आहे. शेजारचा माणूस माझ्या खांद्यावर पेंगतो आहे, त्यामुळे अक्षर आणखीच तिरकं.

झडप बसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान बसली. काल मला मुखपट्टी बांधून दोन मिनिटं आत सोडलं. बाबा नळ्यांमध्ये गुंतलेले, तोंड उघडं, रंग मेणासारखा. मी इतकी वर्षं मेणात काम करते, तरी मला तिथे उभं राहवेना. परिचारिका त्यांच्या गालावर थापट्या मारून ओरडत होती, "आजोबा! उठा! आजोबा, डोळे उघडा!"

त्यांनी उघडले. आधी छताकडे पाहिलं. मग ओठ हलले. मी वाकले. ते म्हणाले, "बाकीचे उठले?"

परिचारिकेला वाटलं, वॉर्डातल्या पेशंटांबद्दल विचारतायत. ती म्हणाली, "हो आजोबा, सगळे कधीचेच उठलेत."

बाबांनी मान वळवायला सुरुवात केली. एवढ्या नळ्यांतून, हळूहळू, पलीकडच्या बाजूला. कुणाला शोधत होते ते तुला सांगायला नको. तिकडे भिंत होती. मग मान तेवढ्याच कष्टानं इकडे आणली, आणि मी दिसले.

"अजून तूच होय," ते म्हणाले.

मी हसले. हसताना इतकं रडू आलं की मुखपट्टी भिजली. त्यांच्या डोळ्यांतूनही पाणी कानात गेलं, मी ते पुसलं. म्हणाले, दुखतंय. मी म्हणाले, दुखणारच. मग थोड्या वेळानं विचारलं, "ठेंगू?"

तुझा मेसेज माझ्या फोनवर होता. काम अडलं आहे, पुढच्या महिन्यात बघतो, बाबांना सांग मी मजेत आहे.

सांगितलं असतं तर तेवढ्यापुरतं त्यांना बरं वाटलं असतं. मला माहीत आहे ते कसं सांगायचं, मी फोन धरून शिकले आहे. पण ते समोर होते. मी म्हणाले, "तो आला नाही, बाबा."

त्यांनी डोळे मिटले. मान हलवली. पुन्हा उघडले आणि दाराकडे लावले. आज सकाळी मी आत गेले तेव्हाही तिकडेच होते.

ताई